सुईएवढी खूण

परवा मी परळच्या हाफकिन संस्थेच्या फाटकापासून सातरस्त्याजवळच्या कस्तुरबा रुग्णालयापर्यंत चालत गेले. आचार्य दोंदे मार्गावरून निघाले, परळ नाक्यावरून आंबेडकर रोडला लागले. लालबागला मसाल्याच्या डंकांपाशी मिरचीचा खाट नाकात गेला म्हणून दोनदा शिंकले, चिंचपोकळीचा पूल ओलांडला आणि आर्थर रोडवर आले. रमतगमत गेले तरी तास लागला नाही. हेच अंतर कापायला दोन माणसांना १९३२ चा मे ते १९३३ चा जुलै एवढा वेळ लागला होता. पहिल्या दारात त्यांना सांगितलं गेलं की कागद आणा. दुसरं दार उघडलं. त्या दारातून जे बाहेर गेलं त्याने पाच महिन्यांच्या आत कलकत्त्यात वीस वर्षांच्या एका मुलाचा जीव घेतला.

माझ्या भाचीने मला डॅन मॉरिसन या अमेरिकी पत्रकाराचं 'द पॉइझनर ऑफ बेंगाल' हे पुस्तक आणून दिलं. "मावशी, तुला खुनाच्या गोष्टी आवडतात ना, ही घे, खरी आहे," म्हणाली. आवडतात हे खरंच आहे. बावला खून खटल्याबद्दल मिळेल ते मी वाचलंय. जानेवारी १९२५ मधली मलबार हिलवरची ती संध्याकाळ, अब्दुल कादिर बावला नावाचा श्रीमंत व्यापारी, मोटारीत त्याच्या शेजारी बसलेली मुमताज बेगम, अडवलेली गाडी, गोळ्या, आणि त्यापायी पुढच्या वर्षी गादी सोडावी लागलेले इंदूरचे तुकोजीराव होळकर. मुंबईला तो खून अजून आठवतो, कारण त्यात पिस्तूल होतं, राजा होता आणि तो रस्त्यात झाला. पाकूरच्या जमीनदारांच्या घरातला खून मात्र मुंबईच्या लक्षात नाही. त्या खुनाचं हत्यार आपल्या शहरातून गेलं, आपल्या शहरात ते शोधलं गेलं, मागितलं गेलं आणि शेवटी चोरलं गेलं, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. मी जन्मले, वाढले ती चाळ त्या दोन्ही दारांच्या मध्ये आहे.

गोष्ट अशी. पाकूर आज झारखंडात आहे, तेव्हा संथाळ परगण्यात होतं. तिथल्या मोठ्या जमीनदार घराण्यात दोन सावत्र भाऊ. थोरला बिनयेंद्र, धाकटा अमरेंद्र, दोघांत दहा वर्षांचं अंतर. वडील गेल्यावर इस्टेट दोघांची झाली. धाकटा वयात आला आणि आपला वाटा मागू लागला, तिथून बिनसलं. थोरल्याचे शौक, त्याची उधळपट्टी, नाचगाणं, बाटल्या, यांवर पुस्तकात बरंच आहे. मी ती पानं भरभर उलटली. खर्चिक माणसाला पैसे कमी पडतात हे समजायला हवेली लागत नाही.

२६ नोव्हेंबर १९३३. दुपारची वेळ, हावडा स्टेशन. अमरेंद्र घरच्या मंडळींबरोबर गावी निघालाय. सोडायला थोरला भाऊही आलाय, न बोलावता. गर्दीतून खादीचे कपडे घातलेला एक बुटका माणूस अंगाला घासून जातो आणि अमरेंद्रच्या उजव्या दंडात काहीतरी टोचतं. "मला कुणीतरी टोचलं," तो म्हणतो. नातेवाईक घाबरतात. आज जाऊ नकोस, इथेच थांब, रक्त तपासून घे, म्हणून विनवतात. थोरला भाऊ हसण्यावारी नेतो. एवढ्यातेवढ्याने कुणी प्रवास मोडतं का? आणि अमरेंद्र गाडीत चढतो.

तिसऱ्या दिवशी तो तापाने फणफणत कलकत्त्याला परत आला. डॉक्टरांना दंडावर इंजेक्शनच्या सुईसारखी खूण दिसली. काखेत गाठ आली, छाती भरली. ३ डिसेंबरच्या रात्री त्याची शुद्ध हरपली आणि ४ तारखेच्या पहाटे तो गेला. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं गेलं. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण तो जिवंत असताना त्याचं रक्त तपासायला गेलेलं होतं आणि त्याचा अहवाल नंतर आला. रक्तात प्लेगचे जंतू होते. त्याआधीच्या तीन वर्षांत कलकत्त्यात प्लेगचा एकही रुग्ण सापडला नव्हता.

काखेतली गाठ. हे दोन शब्द मराठी घरांत नुसते वैद्यकीय राहिलेले नाहीत. 'केसरी'च्या काळात प्लेगला ग्रंथिक सन्निपात म्हणत. माझी पणजी 'गाठीचा ताप' म्हणायची, आणि म्हणताना आवाज खाली आणायची. घरात उंदीर मरून पडला की अख्खं गाव घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहायचं, हे मी तिच्या तोंडून ऐकलंय. १८९६ साली मांडवी बंदराच्या वस्तीत डॉक्टर व्हिएगस यांनी हा रोग ओळखला, आणि पुढच्या वीस-बावीस वर्षांत उपखंडातली १ कोटी २० लाखांवर माणसं त्याने नेली. पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घालून यशवंतरावांच्या दवाखान्यात नेलं. त्या पोराचा प्लेग त्यांना जडला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. पुस्तक वाचताना मला राहून राहून हेच आठवत होतं. एका बाईने दुसऱ्याचं पोर वाचवायला जो रोग पाठीवर घेतला, तोच रोग छत्तीस वर्षांनी एक माणूस स्वतःच्या भावासाठी विकत मिळतो का म्हणून बाजारात विचारत हिंडत होता. बिनयेंद्रबद्दल मनात दया आणायचा मी प्रयत्न केला. मला जमलं नाही.

त्याची पावलं नुसती प्लेगची नव्हती. आदल्या वर्षी दोघे भाऊ फिरायला गेले असताना बिनयेंद्रने कौतुकाने एक चष्मा आणून धाकट्याच्या नाकावर असा दाबून बसवला की कातडी सोलली. थोड्याच दिवसांत अमरेंद्रला धनुर्वात झाला. चष्म्याला जंतू लावलेले होते असा संशय पुढे घेतला गेला. धनुर्वातावरचं सीरम टोचलं म्हणून मुलगा तेव्हा वाचला. थोरला भाऊ आपले डॉक्टर घेऊन आला होता, उपचार बदलायला. घरच्यांनी त्यांना दारातून परत पाठवलं. नाकावरची ती सोललेली कातडी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. धाकट्या भावाला चष्मा घालून बघायचा म्हणजे त्याच्या तोंडाजवळ तोंड न्यावं लागतं. त्याच्या कानामागे काडी अडकवावी लागते. 'बघू, हल नको' असं काहीतरी म्हणावं लागतं.

धनुर्वाताने काम झालं नाही. दुसरा मार्ग प्लेगचा. त्यासाठी मदतीला डॉक्टर तारानाथ भट्टाचार्य, कलकत्त्यातला जंतुशास्त्राचा अभ्यास असलेला माणूस. प्लेगच्या जंतूंची कल्चर्स, म्हणजे नळीत वाढवलेले जिवंत जंतू, ठेवणारी देशातली मोठी प्रयोगशाळा म्हणजे परळचं हाफकिन. मे १९३२ मध्ये तारानाथने तिथल्या संचालकांकडे कल्चर मागितलं. उत्तर आलं की बंगालच्या सर्जन जनरलची परवानगी आणा. पुढे कलकत्त्यातल्या एका डॉक्टरला त्याने पटवलं की मला प्लेगवर औषध सापडलंय, ते तपासायचंय. त्या डॉक्टरने हाफकिनमधून कल्चर मागवलं. त्याने तारानाथला लॅबमध्ये बसू दिलं, पण जंतूंना हात लावू दिला नाही, आणि ते कल्चर वाढलंही नाही. मग १९३३ च्या उन्हाळ्यात दोघे मुंबईत आले. हाफकिनमधल्या जनावरांच्या दोन डॉक्टरांना लाच देऊन बघितली, ते साधलं नाही. बाजारातून उंदीर विकत घेतले, म्हणजे संशोधन चाललंय असं दिसावं. शेवटी आर्थर रोडच्या सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयात गेले. तेच आजचं कस्तुरबा. तिथे बिनयेंद्रने अधिकाऱ्यांचं मन वळवलं आणि तारानाथला लॅबमध्ये काम करायची मुभा मिळाली. त्याने तिथे औषधाचा एकही प्रयोग केल्याचा पुरावा नाही. पाचेक दिवसांनी, १२ जुलैच्या संध्याकाळी, त्याने अचानक गाशा गुंडाळला आणि दोघे कलकत्त्याला परतले.

मन वळवलं म्हणजे काय केलं असेल, यावर मी बरेच दिवस विचार करतेय. जुलै महिना, बाहेर पाऊस. समोर तिशीतला माणूस, अंगावर उंची कपडे, बोलण्यात अदब, घराणं मोठं, बरोबर डॉक्टर मित्र, आणि तोंडात लोककल्याणाची भाषा की प्लेगवर औषध काढायचंय. अशा माणसाला आपण खुर्ची देतो. बँकेत तीस वर्षं काउंटरच्या आत बसून मी हेच पाहिलं. सही जुळत नसली तर गिरणी कामगाराला आम्ही तीनदा परत पाठवायचो. मोटारीतून उतरणाऱ्याची सही जुळली नाही तर मॅनेजर केबिनमध्ये बोलावून चहा मागवायचे आणि म्हणायचे, घाईत केली असेल हो. मीही तेव्हा गप्प बसलेय. श्रीमंतांच्या घरातल्या खुनांची पुस्तकं आपण वाचतो ती पैशापायी माणूस काय करतो हे बघायला. मला या पुस्तकात पैशाचा दुसरा उपयोग दिसला. पैसेवाल्याच्या शब्दाला कुणी पुरावा मागत नाही. हावड्याला तेच झालं आणि आर्थर रोडलाही.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण हे पुस्तक मी निम्मं त्यांच्यासाठीच वाचलं.

बाबा महापालिकेच्या एका रुग्णालयात लॅबमध्ये शिपाई म्हणून लागले आणि लॅब असिस्टंट म्हणून निवृत्त झाले. आज ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. मी शाळेत असताना शनिवारी दुपारी त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा ते मला दाराबाहेरच्या बाकावर बसवायचे. आत यायचं नाही. पण दाराच्या काचेतून दिसायचं. त्यांच्या हातात पेनासारखी एक दांडी असायची, तिच्या टोकाला बारीक तार आणि तारेला शेवटी इवलंसं वेटोळं. त्याला ते लूप म्हणायचे. तार ज्योतीवर धरायची, ती खालून वर लालभडक होत जायची, मग ती हवेत थोडी थांबवायची, थंड होऊ द्यायची. डाव्या हातात काचेची नळी. तिचं कापसाचं बूच उजव्या हाताच्या करंगळीत पकडून काढायचं, खाली ठेवायचं नाही. नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं, तार आत, हलकेच एक रेघ, तार बाहेर, पुन्हा नळीचं तोंड ज्योतीवर, बूच जागेवर, आणि तार परत लाल. हे सगळं दहा सेकंदांत व्हायचं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले असायचे. घरी बोलघेवडा असलेला माझा बाप तिथे श्वासही मोजून घ्यायचा.

ही शिस्त कुठून आली ते ते नेहमी सांगायचे. हाफकिनसाहेबांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. मांसाच्या रश्शावर साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे आणि त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे, छताला लोंबकळणाऱ्या जळमटांसारखे. मग उष्णतेने ते मारायचे आणि त्यांची लस करायची. १९०२ साली पंजाबात मुलकोवाल नावाच्या गावात ही लस टोचलेली एकोणीस माणसं धनुर्वाताने मेली. सगळा दोष हाफकिनसाहेबांवर आला, त्यांना कामावरून दूर केलं. पुढे कळलं की त्या दिवशी गावात बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि त्याने तो ज्योतीवर न धरता नुसता औषधाच्या पाण्यात बुडवून वापरला होता. बाटली एकच होती. तिचा क्रमांक ५३एन. तीतून ज्यांना टोचलं तेच गेले. साहेब निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. बाबा हे सांगताना दोन गोष्टींवर बोट ठेवायचे. चिमटा पडला तर पुन्हा ज्योत. आणि बाटलीवर क्रमांक होता म्हणून खरं काय ते कळलं.

त्यांच्या लॅबमध्ये एक वही होती, लाल कापडी पाठीची, लांबट. कोण आलं, किती वाजता, काय घेतलं, काय परत केलं, सही. एकदा मोठ्या हुद्द्यावरचे एक डॉक्टर सही न करता नळी घेऊन निघाले तेव्हा बाबा दारात उभे राहिले होते. "साहेब, एवढी सही." डॉक्टर चिडले, मग हसले, मग त्यांनी सही केली. हा प्रसंग आमच्या घरात इतक्या वेळा सांगितला गेलाय की मला त्या डॉक्टरांच्या शर्टाचा रंगही ठाऊक आहे.

पाकूरच्या खटल्यातही शेवटी कागदच बोलले. नातेवाईकांनी पोलिसांत तक्रार केली आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये दोघांना अटक झाली. तपास करणारे मुंबईपर्यंत माग काढत आले. प्रवासाचे कागद, हॉटेलची बिलं, हॉटेलच्या रजिस्टरात बिनयेंद्रच्याच अक्षरातली नोंद, लॅबला पाठवलेले निरोप, आणि उंदीर विकणाऱ्याच्या दुकानातली पावती. वीस वर्षांचा मुलगा 'मला टोचलं' म्हणाला ते कुणाला पुरलं नाही. उंदरांच्या पावतीने मात्र न्यायालयाचं समाधान केलं. माझ्या लहानपणी क्रॉफर्ड मार्केटच्या मागे पिंजऱ्यांत पांढरे उंदीर असायचे, गुलाबी नाकाचे, एकमेकांच्या अंगावर चढणारे. ती पावती फाडणाऱ्याने कुठल्या घराण्याला पावती दिली हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याने दिली, कारण गिऱ्हाईकाला पावती द्यायची असते.

खटला नऊ महिने चालला. उंदरावरची पिसू चावली असेल, असा बचाव झाला. खालच्या न्यायालयाने दोघांना फाशी सुनावली. जानेवारी १९३६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती बदलून काळ्या पाण्याची जन्मठेप दिली. आणखी दोन डॉक्टर आरोपी होते, ते सुटले.

मी मिटलेलं पुस्तक मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते. आर्थर रोडच्या त्या लॅबमध्येही माझ्या बाबांसारखा कुणीतरी असणार. नळ्या धुणारा, बुचं वळणारा, सकाळी पहिला येऊन बर्नर पेटवणारा. मुंबईच्या दवाखान्यात ते काम करणारा माणूस बहुधा रत्नागिरीकडचा, नाहीतर साताऱ्याकडचा. त्याने त्या पाच दिवसांत पाहिलं असेल की हे बाहेरगावचे डॉक्टर उंदरांकडे फिरकत नाहीत. त्याला ते खटकलंही असेल. पण साहेबांनीच सांगितलंय की यांना काम करू द्या. मग तो काय करणार? ही माझी कल्पना आहे, पुस्तकातली नाही. पण त्या माणसाला मी मनातून काढू शकत नाही, कारण त्याच्या जागी बाबा असते तर ते दारात उभे राहिले असते असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

आणि तरीही.

आमचं मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यात. मातीच्या भिंती, कौलं, पुढे पडवी, मागे विहीर आणि कलमी आंब्याची सात झाडं. आजोबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. दिवस झाल्यावर मोठे काका बाबांना घेऊन तालुक्याला गेले. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाबांनी एका कागदावर सही केली. ते हक्कसोडपत्र होतं. घर, आगर, सातही झाडं मोठ्या काकांच्या नावावर झाली. तिथल्या कारकुनाने रीतीप्रमाणे विचारलं होतं, मजकूर वाचलात का, कबूल आहे का? बाबा 'कबूल' म्हणाले. त्यांनी एक ओळही वाचली नव्हती. काका गाडीत म्हणाले होते, नावं चढवायची आहेत, सोपस्कार आहे, तुझी रजा संपतेय, उरकून टाकू.

हे आम्हाला तीन वर्षांनी कळलं, सातबारा काढल्यावर. आईने त्या रात्री विचारलं, "अहो, तुम्ही वाचलं कसं नाहीत? तुम्ही?" बाबांनी पानावरून उठून हात धुतले, गॅलरीत गेले आणि वाळत घातलेले कपडे काढू लागले. ओलेच होते कपडे. तो विषय पुन्हा निघाला नाही. मोठ्या काकांशी बोलणं तुटलं नाही. गणपतीला आम्ही जात राहिलो, पाहुण्यांसारखे पडवीत झोपत राहिलो. आंब्याची पेटी दर मे महिन्यात यायची आणि आई तिचे पैसे मनिऑर्डरने पाठवायची.

मी भाऊबंदकीची तुलना खुनाशी करत नाहीये. काकांनी कुणाचा जीव घेतला नाही, आणि त्यांचीही काही बाजू असेल, गावाकडे राहून म्हाताऱ्यांचं त्यांनीच केलं होतं. पण हावडा स्टेशनवरचं ते पान वाचताना मला तालुक्याची कचेरी दिसत होती. डॉक्टरांना दारात अडवणारा माणूस तिथे पंख्याखाली खाली मान घालून सही करत होता.

परवा कस्तुरबाच्या फाटकाशी पोचले तेव्हा चार वाजले होते. २०२० च्या मार्चमध्ये टीव्हीवर रोज याच फाटकाचं चित्र दिसायचं, शहरातले कोरोनाचे पहिले संशयित इथेच आणत होते. आज तिथे नेहमीची वर्दळ होती. डेंग्यू-मलेरियाचे दिवस, रिपोर्टाचे कागद हातात धरलेली माणसं, शहाळंवाला. मी आत जायला लागले तर सुरक्षारक्षकाने हात आडवा केला. विशीतला पोरगा होता.

"मॅडम, पेशंट कोण?"

"पेशंट नाही. आतली जुनी इमारत बघायची होती, लॅबची."

"लेटर आहे का?"

"नाही."

"मग नाही जमणार. ऑफिसातून परमिशन आणा."

मी चांगली सुती साडी नेसले होते, खांद्याला पर्स होती, केस पांढरे. मी म्हणाले, पाचच मिनिटं, बाहेरूनच बघते, मी लिहिते. त्याने मान हलवली. "कोणालाच नाही, मॅडम." मला त्याचं नाव विचारावंसं वाटलं, पण मग त्याला वाटलं असतं की बाई तक्रार करणार. मी मागे फिरले. चिंचपोकळीच्या पुलावर येईपर्यंत माझं मन इतकं हलकं झालं होतं की मला स्वतःचंच नवल वाटलं.

घरी गेल्यावर बाबांना सगळी गोष्ट सांगितली. ते इंग्रजी पुस्तक वाचू शकत नाहीत, पण मी सांगत होते तसं ते पुस्तक हातात घेऊन बसले होते, वजन करावं तसं. चष्म्याचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी स्वतःचा चष्मा काढला आणि नाक चोळलं. लॅबचं सांगितलं तेव्हा ताठ झाले.

"त्या पाच दिवसांची नोंद होती?"

"लॅबची माहीत नाही. हॉटेलची होती."

"आणि उंदीर? जाताना मोजले कुणी? किती आणले, किती मेले, किती उरले?"

"ते नाही सापडलं, बाबा."

"मोजायला हवे होते." हे ते दोनदा म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. खालून कुल्फीवाल्याची घंटा गेली. मला वाटलं त्यांना डुलकी लागली.

"पण बाय, तो पोरगा गाडीत चढला कशाला?" ते म्हणाले. "टोचलेलं कळलं होतं ना त्याला? बाकीचे सांगत होते ना, थांब म्हणून?"

मी उत्तर शोधत होते. बाबांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"दादा म्हणाला असेल, जा," ते म्हणाले, आणि उठून गॅलरीत गेले.